चिंच्याची आंघोळ

परवा भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आज काही आपल्या गल्लीचा वार नाही. मग हा आला कुणाच्या सांगण्यावरून? मी खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला आणि एक डोळा लावून उभा राहिलो. कोपऱ्यावर नव्या इमारतीचं बांधकाम चालू आहे, त्यांचं पाणी होतं. तरी टँकर रिकामा होऊन वळेपर्यंत मी जागचा हललो नाही. "झालं समाधान?" शांता आतून म्हणाली. शांता म्हणजे आमचं कुटुंब. माझं समाधान कशानंच होत नाही हे तिला अजून पटलेलं नाही.

मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. मुखेड-लातूर, उदगीर-नांदेड, निलंगा-देगलूर, सगळा मुलूख उभ्यानं पालथा घातलाय. गाडीत चढलो की माणसं आपोआप वेगळी व्हायची. खिडकीबाहेरचं माळरान उगाच कौतुकानं बघणारा. मला बघितल्यावर झोप लागणारा. लेकराचं वय विचारलं की आधी लेकराच्या तोंडाकडं बघणारी आई. निवृत्त होताना खात्यानं बिल्ला जमा करून घेतला, नजर काही घेतली नाही. ती घेऊन मी लातुरात आमच्या घराच्या ओट्यावर बसतो.

यंदा ऊन तसंच पडलंय. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, आणि संध्याकाळी वारा येतो तोही चुलीपुढून आल्यासारखा. त्यात परत नव्या जिल्ह्याचं वारं सुटलंय. उदगीर जिल्हा होणार, अमका तालुका तिकडं जाणार, आमचं मुखेड नांदेडातून उचलून उदगीरला जोडणार. मोबाईलवर नकाशे फिरायला लागलेत. दुष्काळ आणि नवा जिल्हा आमच्याकडं जोडीनंच येतात, असा माझा जुना संशय आहे. लातूर उस्मानाबादेतून वेगळं झालं तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. तेव्हाही लोक म्हणाले होते, आता बघा, घरोघरी पाणी. मी म्हणालो होतो, पाट्या बदलतील. पाट्या बदलल्या.

आणि असा टँकर वाजला, असं जिल्ह्याचं बोलणं कानावर आलं, की मला तो एकच उन्हाळा आठवतो. आगगाडीनं लातूरला पाणी आणावं लागलं, तो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात चिंच्या होता.

चिंच्या हे शांतानं ठेवलेलं नाव. जनावराचं खरं नाव चिंचिला. आमची एकुलती एक लेक प्रीती हैदराबादला कंपनीत आहे, तिनं पाळलेला. कंपनीनं तिला काही महिन्यांसाठी परदेशात धाडलं, म्हणून ती चैत्रात पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. पाठोपाठ एसी बसवणारा माणूस. गल्लीत लग्न निघाल्यासारखी गर्दी. समोरच्या महादेवीअक्कांनी विचारलं, "काय आणलंय गं पोरी?"

"चिंचिला, अक्का."

"चिंचंला? चिंचंला काय झालं?"

मग अर्धी गल्ली आमच्या परसात चिंचेचं झाड कधी होतं यावर बोलत राहिली.

मी लांबूनच बघितलं. उंदराला सशाचे कान आणि खारीची शेपटी लावली तर जे होईल, ते. रंग राखाडी. अंगावरची लव इतकी दाट की आतली कातडी दिसेचना. त्यानं माझ्याकडं बघितलं, मिशा हलवल्या, कान माझ्याकडं फिरवले, आणि मागच्या मागं आपल्या लाकडी खोक्यात शिरून फक्त नाक बाहेर ठेवलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, नाक आत. मागं झालो, नाक बाहेर. मी मनात म्हणालो, हा तर आपल्याच खात्यातला दिसतोय.

प्रीती स्वयंपाकघरात आईला सगळं समजावून सांगत होती. मी दाराआड होतो. सवय आहे, काय करणार. ती म्हणाली, "मम्मी, पप्पांना हात लावू देऊ नको हं याला. ते सगळं उलटंपालटं करून बघतात. घाबरलं तर मरतं हे."

मला ते लागलं. खरं सांगतो, लई लागलं. आता मी तिचं दप्तर बघायचो, तिच्या मैत्रिणींची घरं कुठल्या गल्लीत आहेत ते जाऊन बघून यायचो, ती नांदेडला शिकायला गेली तेव्हा न कळवता वसतिगृहाच्या फाटकाशी उभा राहायचो, हे खरंय. बाप नाही बघणार तर कोण बघणार? मला त्यात अजूनही काही वावगं वाटत नाही. पण तेव्हापासून पोरगी घरी आली की तिच्या बॅगेला आकड्यांचं कुलूप असतं. स्वतःच्या घरात. आणि आता हे जनावर, तेही आईच्या हवाली, मला वगळून. मी ठरवलं, हात लावायचा नाही म्हणते ना, नाही लावणार. पण ती येईपर्यंत या चिंच्याला काही झालं, तर ती आयुष्यभर माझ्याचकडं बोट दाखवणार. म्हणजे त्याला काही होऊ द्यायचं नाही.

बघू नको, असं ती म्हणाली नव्हती.

चिंच्याची खेळायची वेळ संध्याकाळची. दिवसभर झोपणार आणि दिवेलागणीला मधल्या खोलीत सुटणार. शांता पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी मी खोलीची तपासणी करायचो. टीव्हीची वायर, चार्जरची वायर, सगळं वर उचललं का? दिसली वायर की कुरतडलीच त्यानं. कपाटामागची फट उशी घालून बुजवली का? मोरीचं दार बंद आहे का, बादलीवर झाकण आहे का? बादलीत पडला तर त्याला वर येता येत नाही. खाली प्लास्टिकची पिशवी, औषधाची गोळी, खडू, काही सांडलंय का? मग खोलीचं दार आतून लावायचं आणि जमिनीवर मांडी घालून बसायचं. उभं राहून फिरायचं नाही, पायाखाली आला तर संपलं. टाळी वाजवायची नाही. मागं धावायचं नाही. शेपटीला धरायचं तर नावच काढायचं नाही. आणि आवळून धरलं की हे जनावर लवेचा झुपका हातात सोडून पळून जातं, असं प्रीतीनं सांगितलं होतं. मला ते फार आवडलं. माझ्या हातात अशा कितीतरी नुसत्या शर्टाच्या बाह्या राहिल्यात.

एक गंमत सांगतो. जन्मभर लोक मला म्हणाले, तुमचा स्वभाव बरा नाही, प्रत्येक गोष्टीत खोट बघता. त्या खोलीत मात्र तोच स्वभाव उपयोगी पडला. शांता भोळी. ती म्हणायची, "कशाला चढतोय तो तितक्या उंच?" आणि दुसऱ्या मिनिटाला तो खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून देव्हाऱ्याकडं. मी आधीच ओळखलेलं असायचं. कुठली खुर्ची कुठं ठेवली तर हा कुठं पोचेल, हे मी त्याच्या डोक्यानं बघायला शिकलो होतो. काळजी काळजी म्हणतात ती काय असते मला माहीत नाही. मला संशय घेता येतो, तेवढा मी घेतला.

खायला वाळकं गवत आणि प्रीतीनं बांधून दिलेलं त्याचं खाद्य. दात वाढत राहतात म्हणून चघळायला सफरचंदाच्या लाकडाच्या काड्या. गोड नाही, तेलकट नाही, शेंगदाणे नाहीत. गल्लीतल्या बायका येता-जाता पदराआडून काहीतरी काढायच्या. गुळाचा खडा, खोबऱ्याचा तुकडा, कुणी तर संक्रांतीचे उरलेले तीळ. मी दारातच हात आडवा धरायचो. "एवढ्यानं काय हुतंय, अण्णा?" "होतंय." लोक मनात म्हणत असणार, बाहेर गुरं छावणीला चाललीत आणि ह्यांच्या उंदराचं खाणं बघा. डोळ्यांत दिसायचं ते. मी तरी कुठं विसरलो होतो? मुखेडहून भावाचा फोन यायचा तो कडब्याचाच असायचा. पण चिंच्याचं मूठभर गवत काढून घेऊन कुणाची गाय जगणार होती?

आणि आंघोळ. खरा घोळ तिथं झाला.

या जनावराला पाणी लावायचंच नाही. लव इतकी दाट की भिजली तर वाळत नाही, कातडी आत सडते. त्याची आंघोळ धुळीची. तीही आपली रस्त्यावरची धूळ नव्हे. प्रीतीनं तिची पाकिटं देऊन ठेवली होती, पिठासारखी मऊ, राखाडी. पसरट वाडग्यात ती पूड ओतली की हा त्यात उडी घ्यायचा, डाव्या कुशीवर लोळायचा, उजव्या कुशीवर लोळायचा, पाय वर करून गरगर फिरायचा, आणि उठून अंग झटकायचा तेव्हा खोलीभर धुरळा. थोड्या वेळानं वाडगं काढून घ्यायचं, नाहीतर तो त्यातच घाण करतो. लातुरात माणसं तांब्याभर पाण्यात अंग पुसून घेत होती तेव्हा आमच्या घरात एक जीव पाण्याशिवाय न्हाऊन ताजातवाना होत होता. मी बघत बसायचो. मला त्याचा हेवा वाटायचा.

आता शांता या प्रकाराला काय म्हणणार? आंघोळच म्हणणार. ओट्यावर उभी राहून ती फोनवर लेकीला मोठ्यानं सांगायची, "हाव गं, झाली की चिंच्याची आंघोळ. मस्त लोळला. दिवसाआड घालून राहिले मी."

आणि समोरच्या ओट्यावर महादेवीअक्का.

त्या दिवसांत गल्लीत कोण कुणाकडं सरळ बघत होतं? टाक्यांच्या झाकणांना कुलपं होती. ड्रम साखळीनं खांबाला बांधलेले. कुणाच्या मोरीतून आवाज आला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबायचं. धुतलेला शर्ट घालून बाहेर पडायची चोरी, लगेच कुणीतरी म्हणणार, "काय, पाणी आलेलं दिसतंय?" सगळं शहरच माझ्यासारखं झालं होतं. मला ते आवडायला पाहिजे होतं. पण नाही आवडलं.

टँकर आला की पाईप अक्कांच्या हातात. बाई खमकी, कपाळभर विभूती, आवाज असा की टँकरवालाही मान खाली घालायचा. त्या दिवशी पाईप आमच्या ड्रमापाशी आला आणि तसाच पुढं गेला.

"अक्का, माझा ड्रम राहिला."

"राहू द्या की. तुमच्याकडं आंघुळीला पाणी हाय म्हणं."

"कुणाच्या आंघोळीला?"

"त्या उंदराच्या!"

शेजारचे बसअप्पा, हार्डवेअरचे दुकानदार, गप्प बसणारा माणूस. तेही पुढं झाले. आमच्या भिंतीकडं बोट करून म्हणाले, "आणि ते काय, अण्णा? दिवसभर गळून राहिलंय." एसीच्या नळीतून बादलीत थेंब थेंब पडत होता. एवढाच पुरावा. पण मी पण लोकांना एवढ्याच पुराव्यावर खाली उतरवलंय. बोअर चालू ठेवलाय, चोरून जोड घेतलाय, मागच्या दारानं टाकी भरतो, एकेक नवीन शोध लागत गेला. मी गल्लीच्या मधोमध उभा, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या खिशात. समोरच्यानं आपल्याकडं असं बघितलं की खरं बोलणारासुद्धा चोरच दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"ओरडू नका," मी म्हणालो, "आत या. बघा काय ती आंघोळ."

तेवढ्यात लाईट गेली. लाईट गेली की आम्ही खिडकीला बाहेरून ओलं पोतं लावायचो आणि चिंच्याच्या पायाखाली फ्रीजमध्ये ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा सरकवायचो. उन्हाळा हाच त्याचा खरा वैरी. त्याचे कान लाल झाले, तो आडवा पडून धापा टाकायला लागला, की समजायचं वेळ थोडा आहे. पोत्याला पाणी लागायचं. ड्रम आज रिकामा राहिला असता तर आम्ही दोघं कसंही भागवलं असतं, पण ती खोली भट्टी झाली असती.

म्हणून मी आत चौघांनाच घेतलं. अक्का, बसअप्पा आणि अजून दोघी.

"बसा. खाली बसा. उभं कुणी राहायचं नाही. बोलायचं नाही. दार लावतो."

"दार कशाला लावायचं?" बसअप्पा.

"तो पळाला तर तुम्ही धरून आणणार का?"

भांडायला आलेली माणसं भिंतीला टेकून मांड्या घालून बसली. शांतानं वाडग्यात पूड ओतली, पिंजऱ्याचं दार उघडलं. चिंच्यानं नाक बाहेर काढलं. चार नवी माणसं बघितली. नाक आत. बसअप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की झालं, सापडला. मी बोट ओठांवर ठेवलं. खोलीत उकाडा चढत होता, अक्कांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि मला फक्त त्याचे कान दिसत होते. अजून लाल नव्हते.

मग तो आला. भिंतीकडेनं, थांबत, हुंगत. अक्कांच्या पायाच्या अंगठ्याशी थांबला, मिशा लावून बघितला, पुढं गेला. आणि वाडग्यात उडी. गरगर, गरगर. धुरळा उठला. बसअप्पांना शिंक आली ती त्यांनी रुमालात दाबली. तो उठला, अंग झटकलं, आणि सगळ्यांकडं बघत बसला, नखशिखांत राखाडी.

"अगं बया," अक्का पुटपुटल्या, "ह्यो तर इभूत लावून राहिलाय!"

दोघींनी हात जोडले. खरंच जोडले. आम्ही सगळे शिवाचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. अंगभर राख माखून शांत बसलेला जीव समोर, पाण्याचं नाव नाही. माझ्या पण अंगावर काटा आला, खोटं का बोलू?

अक्कांनी कमरेची पिशवी सोडली. विभूतीचा खडा काढला, चिमटीत चुरला, "घे बाबा, आमच्या हातची घे," म्हणत हात वाडग्याकडं नेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

अक्कांच्या हाताला गल्लीतलं कुणी हात लावत नाही, आणि त्या हातात विभूती, आणि तोच हात बाहेर जाऊन पाईप धरणार. "अण्णा," बसअप्पा हळूच म्हणाले, "इभूतीनं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

जगात ज्या एकाच गोष्टीवर मी संशय घेतलेला नाही ती म्हणजे विभूती. बापानं लावली, आजानं लावली. पण लेकीनं बजावलं होतं, या पाकिटाशिवाय दुसरी कुठलीच पूड नको, डोळ्यात गेली, छातीत गेली तर हे जनावर सांगू पण शकत नाही. अक्कांचं मन राखावं तर चिंच्या, चिंच्याला राखावं तर गल्ली. शांता माझ्याकडं बघत होती. ती नेहमी लोकांची बाजू घेते. त्या दिवशी तिनं मानेनं नाही म्हटलं.

मी मनगट सोडलं आणि अक्कांपुढं डोकं वाकवलं.

"त्याच्या वाटणीची मला लावा, अक्का."

अक्कांनी चिमटीतली विभूती पुन्हा चुरली. मग तीन बोटं माझ्या कपाळावरून ओढली, चांगली दाबून. "जन्माचे संशयी हाव तुमी," त्या म्हणाल्या. आणि मग तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आवाज न करता, कारण खोलीत बोलायची बंदी होती. त्या हसल्या म्हणून बसअप्पा हसले. चिंच्या घाबरून खोक्यात शिरला.

त्या दिवशी आमचा ड्रम भरला. सगळ्यांना मिळालं तेवढंच, जास्त नाही. मी काठोकाठ बघून घेतलं. पुढं गल्लीत कुणाच्या घरी आंघोळ झाली का विचारायचं असलं की लोक म्हणायचे, "कुठली? पाण्याची का चिंच्याची?" तेव्हाही लोक बोलत होते तो नवा जिल्हा काही झाला नाही. पाऊस उशिरा का होईना झाला.

आता चिंच्या हैदराबादला आहे, म्हातारा झालाय, एका डोळ्यानं कमी दिसतं म्हणे. मी फोनवर विचारतो, वायरी वर उचलता ना? प्रीती म्हणते, हो पप्पा. माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

ती त्याला न्यायला आली ते श्रावणात. आल्या आल्या हातपाय न धुता मधल्या खोलीत गेली. पिंजऱ्याच्या तळाचं गवत हुंगलं. गजांवरून बोट फिरवलं. कपाटामागच्या फटीत हात घालून उशी चाचपली. मग चिंच्याला बाहेर घेतलं, कान उलटून बघितले, दात बघितले, पंजे बघितले, पाठीवरच्या लवेत फुंकर मारून कातडी बघितली. मी दारात उभा. तिचं कपाळ तसंच आक्रसलेलं, ओठ तसेच मिटलेले, आरशात मला माझे दिसतात तसे. इतकी कडक तपासणी मी भरलेल्या गाडीत सुद्धा केली नसेल. काहीतरी सापडेल, नक्की सापडेल, असं वाटत राहिलं.

"वजन करायला पाहिजे," ती म्हणाली. "काटा कुठंय?"

"स्वयंपाकघरात. वरच्या फळीवर."

ती उठली. इकडं तिकडं बघितलं. शांता बाहेर अक्कांशी बोलत होती. मग माझ्यापाशी आली आणि चिंच्याला माझ्यापुढं धरलं.

"पप्पा, धरा जरा ह्याला."

सगळा उन्हाळा मी त्याला बोट लावलं नव्हतं. एक हात पोटाखाली गेला, एक मागून. आवळलं नाही. ते कसलं मऊ होतं, देवा, आणि आत एवढंसं काळीज धडधड करत होतं, का ते माझंच होतं कुणास ठाऊक. त्यानं माझ्या अंगठ्याला मिशा लावल्या, हुंगलं, आणि पळाला नाही.

प्रीती स्वयंपाकघराकडं निघाली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. आता वळेल, दारात तरी वळेल, एक नजर टाकून खात्री करेल. माझी पोरगी आहे ती.

ती वळली नाही. सरळ आत गेली.